पिवळ्या नंबरप्लेटा

मागच्या शुक्रवारी टीमच्या पार्टीनंतर कॅबची वाट बघत उभे होतो. एका मित्राने पिंक टाकली, "फौजेतल्या माणसाने पिऊन गाडी चालवली तर पोलिस काय करणार? त्यांचं कोर्ट वेगळं. आपसात मिटवतात." मला उत्तर माहीत नव्हतं. शनिवारी चहा घेऊन वाचायला बसलो.

आपल्याकडचं उत्तर पहिल्या कपातच मिळालं. आर्मी ॲक्ट, १९५० चं कलम ४८ म्हणतं की नशेत सापडणं हाच गुन्हा, मग ड्युटीवर असा किंवा नसा. अधिकारी असेल तर बडतर्फीपर्यंत शिक्षा, जवान असेल तर दोन वर्षांपर्यंत कैद (ड्युटीवर नसताना सहा महिन्यांपर्यंत). म्हणजे कायदा सौम्य नाही. पण मित्राचा खरा प्रश्न शिक्षेचा नव्हताच, निवाडा कुणी करायचा याचा होता. तो शोधता शोधता जेवणाच्या वेळेपर्यंत मी ओकिनावाला पोचलो, सन १९७०.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे जपानी बेट अमेरिकेच्या ताब्यात होतं. अमेरिकन सैनिकाने गुन्हा केला तर खटला अमेरिकन लष्करी कोर्टात. त्यांच्या गाड्यांना पिवळ्या नंबरप्लेटा, त्यामुळे गाडी कुणाची ते लांबूनच कळायचं.

सप्टेंबर १९७० मध्ये इतोमान गावात दारू पिऊन भरधाव निघालेल्या एका अमेरिकनाची गाडी फुटपाथवर चढली आणि एक स्थानिक बाई जागीच गेली. पुढे जे झालं ते वाचून मी थांबलोच. गावकऱ्यांनी ती गाडी हलवू दिली नाही. नीट पंचनामा होईपर्यंत जवळजवळ आठवडाभर पोरं तिथे पहाऱ्याला बसली! (सर्व्हर पडल्यावर लॉग कुणी पुसू नये म्हणून आम्ही रात्रभर बसतो, तसंच. फक्त इथे एक जीव गेला होता.) एवढं करून डिसेंबरमध्ये लष्करी कोर्टाने निकाल दिला: पुरावा अपुरा, आरोपी निर्दोष.

त्यानंतर काही दिवसांतच, २० डिसेंबरच्या मध्यरात्री, कडेना हवाई तळाला लागून असलेल्या कोझा शहरात पुन्हा तेच. प्यायलेला अमेरिकन, रस्ता ओलांडणारा ओकिनावन. या वेळी जखम किरकोळ होती. पण लोक गोळा झाले, कारण लष्करी पोलिस आले की हेही प्रकरण गुंडाळणार हे त्यांना ठाऊक होतं. पोलिसांनी हवेत गोळ्या झाडल्या आणि भडका उडाला. पहाटेपर्यंत सत्तरहून जास्त गाड्या जळाल्या. निवडून निवडून पिवळ्या प्लेटवाल्या. मेलं कुणीच नाही.

आणि कायदा नव्हता असंही नाही हो. अमेरिकेची एकत्रित लष्करी न्यायसंहिता १९५१ पासून लागू होती आणि तिच्या कलम १११ मध्ये पिऊन गाडी चालवणं गुन्हाच होता. (२०१९ पासून तेच कलम ११३.) आजच्या तरतुदीत कुणाला इजा झाली तर दीड वर्षापर्यंत कैद आणि अप्रतिष्ठेने हकालपट्टी. कोर्टापर्यंत गेलं नाही तरी सुटका नाही: तळावर गाडी चालवायला वर्षभर बंदी, शिवाय अमेरिकन आर्मीत जनरलच्या सहीचं ताशेरेपत्र. ते कायमच्या फाईलमध्ये गेलं की बढतीच्या मंडळापुढे दर वेळी उघडतं. अधिकाऱ्याची नोकरी तिथेच संपल्यात जमा. माझ्या मते माणूस कैदेपेक्षा या कागदाला जास्त घाबरत असणार.

१५ मे १९७२ ला ओकिनावा जपानला परत मिळालं. पण दोन देशांमधल्या कराराने ड्युटीवरच्या गुन्ह्याचा पहिला हक्क अमेरिकेलाच दिला होता. मग ड्युटी म्हणजे काय? १९५६ साली दोघांच्या संयुक्त समितीने ठरवलं होतं की अधिकृत कार्यक्रमात दारू घेऊन गाडीने घरी निघालेला माणूसही ड्युटीवरच! हा नियम ५५ वर्षं टिकला. जानेवारी २०११ मध्ये तळावरच्या एका नागरी कर्मचाऱ्याच्या गाडीखाली १९ वर्षांचा तरुण गेला. तो कामावरून परतत होता, म्हणजे ड्युटीवर, म्हणून जपानी सरकारी वकिलांनी खटला भरला नाही. मोठी ओरड झाली. त्याच डिसेंबरमध्ये दारूवाली ती सवलत रद्द झाली.

नोव्हेंबर २०१७ मध्ये ओकिनावाच्या नाहा शहरात एका मरीनने पिऊन लष्करी ट्रक चालवला आणि ६१ वर्षांच्या माणसाचा जीव घेतला. काही काळ जपानमधल्या सगळ्या अमेरिकन सैनिकांना दारूबंदी झाली. खटला मात्र नाहाच्या जपानी कोर्टात चालला आणि २०१८ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली.

कोझा शहर नकाशावर शोधलं तर सापडत नाही. १९७४ मध्ये शेजारच्या गावाबरोबर त्याचं विलीनीकरण झालं, आता नाव ओकिनावा सिटी. मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आणि ती इतोमानची केस? ती पुन्हा उघडली का कुणी?"