प्रॉम्प्ट : आज्ञेआधीची खूण

संगणकाच्या काळ्या पटलावर आज्ञा टंकित करण्यापूर्वी जी छोटी खूण दिसते, तिला प्रॉम्प्ट म्हणतात. ही खूण आपल्या गरजेनुसार बदलता येते. परंतु ती केवळ सजावट नव्हे. वडवणीत बसून पुण्यातील सर्व्हर हाताळणाऱ्यासमोर घरच्या आणि दूरच्या संगणकाच्या सारख्याच दिसणाऱ्या दोन खिडक्या उघड्या असू शकतात. त्यांतील फरक सांगतो तो प्रॉम्प्ट.

हा फरक ध्यानात न आल्यास काय घडते, हे ‘गिटलॅब’ या संकेतस्थळाने अनुभवले. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरील माहितीसाठा पुसला. सुमारे ३०० गिगाबाइट माहिती गेली आणि सुमारे सहा तासांतील नोंदी कायमच्या नष्ट झाल्या. त्यानंतर ठरलेल्या उपायांत प्रत्येक सर्व्हरचा प्रॉम्प्ट ठळकपणे वेगळा करणे, हाही एक उपाय होता.

लिनक्सच्या ‘बॅश’मध्ये प्रॉम्प्टचे स्वरूप ‘पीएस१’ या चलात साठविलेले असते. त्यात बॅकस्लॅशनंतर लहान ‘यू’ लिहिल्यास वापरकर्त्याचे, ‘एच’ लिहिल्यास संगणकाचे नाव आणि ‘डब्ल्यू’ लिहिल्यास चालू फोल्डरचा मार्ग उमटतो. बॅकस्लॅशनंतर डॉलर लिहिल्यास सामान्य वापरकर्त्यास डॉलरचे, तर सर्वाधिकारी ‘रूट’ला हॅशचे चिन्ह दिसते. हॅश दिसताच प्रत्येक आज्ञा दोनदा वाचावी.

रंगाच्या संकेतांत ३१ म्हणजे लाल, ३२ म्हणजे हिरवा. हे संकेत बॅकस्लॅश जोडलेल्या चौकटी कंसांतच ठेवावेत; अन्यथा लांब आज्ञा लिहिताना ओळी एकमेकींवर चढतात. बदल कायम राहण्यासाठी तो होम फोल्डरमधील ‘डॉट बॅशआरसी’ फाइलमध्ये नोंदवावा. तत्पूर्वी मूळ फाइलची प्रत अवश्य ठेवावी.

विंडोजच्या आज्ञापटलावर ‘प्रॉम्प्ट’ हीच आज्ञा आहे. तिच्यापुढे ‘डॉलर-पी’ लिहिल्यास मार्ग, ‘डॉलर-टी’ने वेळ आणि ‘डॉलर-जी’ने शेवटचे बाणासारखे चिन्ह येते. हा बदल त्या खिडकीपुरताच टिकतो. कायमस्वरूपी बदलासाठी ‘सेटएक्स’ वापरावे.

देवनागरी नाव देण्याचा मोह होईल. परंतु अनेक टर्मिनलवर जोडाक्षरे व मात्रा विस्कटतात. शिवाय, दूरच्या संगणकाचा प्रॉम्प्ट त्या संगणकावरच बदलावा लागतो. सरावाच्या संगणकास हिरवा, प्रत्यक्ष कामाच्या सर्व्हरला लाल आणि दोन्हीकडे संगणकाचे पूर्ण नाव, एवढी व्यवस्था पुरेशी आहे.