विल्यम क्लाइन : छायाचित्रकार ते चित्रपट दिग्दर्शक

अमेरिकेत जन्मलेले आणि आयुष्याचा बहुतांश काळ फ्रान्समध्ये व्यतीत केलेले विल्यम क्लाइन (१९ एप्रिल १९२६ – १० सप्टेंबर २०२२) हे विसाव्या शतकातील प्रभावशाली, परंतु सातत्याने वादाच्या भोवऱ्यात राहिलेले छायाचित्रकार व चित्रपट दिग्दर्शक होते. त्यांच्या पहिल्या छायाचित्रसंग्रहाला अमेरिकेत प्रकाशक मिळाला नाही, तर एका उपहासात्मक चित्रपटाचे प्रदर्शन फ्रान्समध्ये काही महिने रोखले गेले. शहर, फॅशन, राष्ट्रवाद व युद्ध यांच्याकडे पाहताना प्रेक्षकाला सुखावण्याचे त्यांनी कटाक्षाने टाळले. त्यांच्याभोवतीच्या बहुतेक वादांचे मूळ याच भूमिकेत होते.

जडणघडण

क्लाइन यांचा जन्म न्यूयॉर्कमधील एका ज्यू कुटुंबात झाला. बालपण आर्थिक ओढाताणीत गेले. शालेय शिक्षण लवकर पूर्ण करून त्यांनी अवघ्या चौदाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये प्रवेश घेतला आणि समाजशास्त्राचा अभ्यास केला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्यातील सेवेनिमित्त ते युरोपात आले. माजी सैनिकांसाठीच्या शैक्षणिक साहाय्यामुळे १९४८ मध्ये त्यांना पॅरिसमध्ये शिकता आले. चित्रकार फेर्नां लेजे यांच्या हाताखाली त्यांनी काही काळ चित्रकलेचे धडे घेतले. पॅरिसमध्येच जान फ्लोरां यांच्याशी त्यांची भेट झाली. पुढे त्या त्यांच्या पत्नी झाल्या आणि क्लाइन यांनी याच शहरात कायमचे वास्तव्य केले.

छायाचित्रणाचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. स्वतः रंगविलेल्या फिरत्या फलकांची छायाचित्रे घेताना हलत्या आकृत्या धूसर उमटतात, हे त्यांच्या लक्षात आले. इतरांनी दोष मानलेली ही धूसरता पुढे त्यांच्या शैलीचा पाया ठरली.

नाकारलेले पुस्तक

‘व्होग’ या फॅशन नियतकालिकाचे कलादिग्दर्शक अलेक्झांडर लिबरमन यांनी क्लाइन यांची कला हेरली. त्यांच्या पाठबळावर १९५४ मध्ये न्यूयॉर्कला परतून क्लाइन यांनी काही महिने शहराच्या रस्त्यांवर छायाचित्रे घेतली. वाइड अँगल लेन्स, फ्लॅश, माणसांच्या अगदी जवळ जाऊन घेतलेली दृश्ये, तिरपी चौकट आणि दाणेदार, गडद छपाई ही त्यांची वैशिष्ट्ये होती. छायाचित्रकाराने अदृश्य राहावे, या तत्कालीन संकेताला त्यांनी छेद दिला.

याच मालिकेतील एका प्रसिद्ध छायाचित्रात एक मुलगा संतप्त मुद्रेने पिस्तूल कॅमेऱ्यावर रोखतो, तर शेजारचा लहान मुलगा शांतपणे पाहत उभा आहे. मुलाला उग्र चेहरा करण्यास आपणच सांगितले होते, असे क्लाइन यांनी पुढे सांगितले. त्या दोन्ही मुलांत ते स्वतःलाच पाहत असत.

अमेरिकी प्रकाशकांना ही छायाचित्रे कुरूप आणि शहराची बदनामी करणारी वाटली. अखेर चित्रपटकार क्रिस मार्कर यांच्या पुढाकाराने पॅरिसच्या ‘सेई’ या प्रकाशनसंस्थेने १९५६ मध्ये हे पुस्तक प्रसिद्ध केले. मायदेशात नाकारल्या गेलेल्या या पुस्तकाला १९५७ मध्ये फ्रान्सचा नादार पुरस्कार मिळाला. त्यानंतर रोम, मॉस्को व टोकियो या शहरांवरील त्यांचे संग्रहही प्रसिद्ध झाले.

कॅमेऱ्याकडून पडद्याकडे

इटालियन दिग्दर्शक फेदेरिको फेलिनी यांनी क्लाइन यांना साहाय्यक म्हणून रोमला बोलावले होते. चित्रीकरण लांबल्याने त्या काळात क्लाइन यांनी रोमची छायाचित्रे घेतली. १९५८ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमधील विद्युत जाहिरातींवर ‘ब्रॉडवे बाय लाइट’ हा रंगीत लघुपट केला.

याच काळात ‘व्होग’साठी काम करताना त्यांनी मॉडेलना स्टुडिओबाहेर, रहदारीच्या रस्त्यांवर उभे केले. मात्र फॅशनच्या जगाविषयी त्यांना फारसा आदर नव्हता. ‘तुम्ही कोण आहात, पॉली मॅगू?’ (१९६६) या त्यांच्या पहिल्या कथापटात मॉडेल, संपादक आणि दूरचित्रवाणी यांची यथेच्छ खिल्ली उडविण्यात आली आहे. ज्या क्षेत्रावर आपला चरितार्थ चालत होता, त्याच क्षेत्रावर त्यांनी केलेला हा प्रहार होता. चित्रपटाला फ्रान्समधील प्रतिष्ठेचा जाँ व्हिगो पुरस्कार मिळाला.

राजकीय चित्रपट

व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ १९६७ मध्ये तयार झालेल्या ‘फार फ्रॉम व्हिएतनाम’ या सामूहिक चित्रपटात गोदार, रेने, वार्दा आदी दिग्दर्शकांसमवेत क्लाइन यांचाही सहभाग होता. त्यानंतरचा ‘मिस्टर फ्रीडम’ हा त्यांचा सर्वाधिक वादग्रस्त चित्रपट ठरला. अमेरिकी फुटबॉलच्या पोशाखातील एक महानायक फ्रान्सला साम्यवादापासून ‘वाचविण्यासाठी’ येतो आणि विध्वंस घडवितो, असे त्याचे कथानक आहे. मे १९६८ च्या आंदोलनानंतर त्यातील प्रसंग फ्रेंच प्रशासनाला अडचणीचे वाटले. त्यामुळे प्रदर्शन लांबून चित्रपट १९६९ मध्ये पडद्यावर आला. चित्रपट अमेरिकाविरोधी व एकांगी असल्याची टीकाही झाली.

माहितीपटांत त्यांनी मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांचा प्रवास १९६४ पासून टिपला. १९७४ मधील किन्शासा येथील लढतीपर्यंतचा काळ त्यांच्या अलीविषयक माहितीपटात येतो. अल्जिअर्समधील आफ्रिकी सांस्कृतिक महोत्सव आणि ‘ब्लॅक पँथर’ नेते एल्ड्रिज क्लीव्हर हेही त्यांचे विषय होते. गायक लिटल रिचर्ड यांच्यावरील माहितीपटाचे काम नायकानेच अर्ध्यावर सोडले, तेव्हा क्लाइन यांनी त्यांची नक्कल करणाऱ्या कलाकारांना घेऊन चित्रपट पूर्ण केला.

उत्तरकाळ आणि वारसा

१९८० च्या दशकात क्लाइन पुन्हा छायाचित्रणाकडे वळले. जुन्या काँटॅक्ट शीट मोठ्या करून त्यांवर ठळक रंगांचे फटकारे मारण्याची त्यांची पद्धत चित्रकला व छायाचित्रण यांना जोडणारी होती. १९९० मध्ये त्यांना हॅसलब्लाड पुरस्कार प्रदान करण्यात आला. दाइदो मोरियामा यांच्यासह अनेक जपानी छायाचित्रकारांवर त्यांच्या न्यूयॉर्क संग्रहाचा ठसा उमटला. २०१२ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात या दोघांचे संयुक्त प्रदर्शन भरले.

पॅरिस येथे वयाच्या ९६ व्या वर्षी क्लाइन यांचे निधन झाले. त्या वेळी न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीमध्ये त्यांच्या कारकिर्दीचा आढावा घेणारे भव्य प्रदर्शन अखेरच्या टप्प्यात होते. ज्या शहरातील प्रकाशकांनी त्यांची छायाचित्रे नाकारली होती, त्याच शहराने सहा दशकांहून अधिक काळानंतर ती आपल्या भिंतींवर सन्मानाने लावली होती.