अपघातानंतर गाडीचं डेंटिंग-पेंटिंग नीट कसं करून घ्यायचं? मोबाईल वापरून संपूर्ण माहिती

आज विषय थोडा वेगळा आहे, पण यात तुमचा स्मार्टफोन सगळ्यात जास्त कामाला येणार आहे.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात वारज्याजवळ बायपासवर एका टेम्पोने आमच्या गाडीला मागून डाव्या बाजूला ठोकलं. सुदैवाने कोणाला लागलं नाही. मागचा डावा दरवाजा चेपला, त्याच्या मागचा पत्रा (त्याला क्वार्टर पॅनल म्हणतात) आत गेला आणि बंपर फाटला. गाडी बाबांची, रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशातून घेतलेली सिल्व्हर हॅचबॅक. चालवत मी होतो.

बारा दिवसांनी वर्कशॉपमधून फोन आला, "गाडी रेडी आहे." मी ऑफिस सुटल्यावर साडेसातला गेलो, ट्यूबलाइटखाली गाडी पाहिली, चकाचक वाटली, कागदावर सही केली आणि घरी आलो. सकाळी बाबा पार्किंगमध्ये गाडी पुसायला गेले आणि वर येऊन एवढंच म्हणाले, "दरवाजा दुसऱ्या गाडीचा लावलाय का रे?"

त्यानंतर जे शिकलो ते खाली लिहितोय.

अपघात झाल्यावर लगेच काय करायचं?

आधी माणसं बघा. कोणाला लागलं असेल तर 112 वर फोन करा, फोटो नंतर. सगळे ठीक असतील आणि गाडी हलवायची गरज नसेल, तर मगच कॅमेरा उघडा.

सगळेजण फक्त चेपलेल्या जागेचा फोटो काढतात. मीही तेच केलं आणि पुढे अडकलो. खरं तर न लागलेल्या भागाचे फोटो तितकेच महत्त्वाचे असतात. गाडीचे चारही कोपरे, नंबर प्लेट दिसेल असे, समोरची गाडी, मीटरवरचे किलोमीटर, डिकी उघडून आतली बाजू, चारही दरवाजे. उद्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्या बाजूला ओरखडा पडला आणि ते म्हणाले "हा आधीपासूनच होता", तर तुमच्याकडे उत्तर पाहिजे. जिथे लागलंय तिथला एक फोटो लांबून, एक चार पावलांवरून आणि एक अगदी जवळून काढा. शेवटी गाडीभोवती फिरून एक सलग व्हिडिओ घ्या.

फोटो कुठे ठेवताय तेही बघा. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि त्यात साठवलेली वेळ, ठिकाण ही माहिती निघून जाते. म्हणून मूळ फोटो फोनमध्ये किंवा ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि कोणाला पाठवायचेच असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

क्लेम करायचा की खिशातून द्यायचे?

हा हिशोब बरेच जण करतच नाहीत. समजा तुमच्या पॉलिसीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा प्रीमियम 9,000 रुपये आहे आणि तुम्हाला 35 टक्के नो क्लेम बोनस मिळतोय. म्हणजे वर्षाला 3,150 रुपयांची सूट. एक क्लेम केला की साधारणपणे पुढच्या वर्षी ती सूट शून्यावर येते आणि पुन्हा 20 टक्क्यांपासून चढावं लागतं. नुसत्या एका बंपरच्या ओरखड्यासाठी हे परवडत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे डेप्रिसिएशन. झिरो डेप नसेल तर प्लॅस्टिक, रबर आणि नायलॉनच्या पार्टवर 50 टक्के तुमचे जातात. पत्र्याच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले सहा महिने काही नाही, तीन ते चार वर्षांच्या गाडीला 25 टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला 40 टक्के. काचेवर काही कापत नाहीत. रंगात फक्त मटेरियलच्या खर्चावर 50 टक्के कापतात, आणि बिल एकत्र असेल तर त्यातला 25 टक्के भाग मटेरियल धरतात. म्हणजे 8,000 रुपयांच्या पेंटिंगमध्ये मटेरियल 2,000 आणि तुमचे गेले 1,000. यावर सक्तीची वजावट वेगळी: 1500 सीसीपर्यंत 1,000 रुपये, त्यापुढे 2,000. झिरो डेप असला तरी ही वजावट राहतेच.

क्लेम करायचं ठरलं तर इन्शुरन्स कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हे होईपर्यंत गाडीला हात लावू देऊ नका. गाडी कुठे दुरुस्त करायची हे तुम्ही ठरवू शकता; नेटवर्कबाहेरच्या गॅरेजमध्ये नेली तर बहुतेक वेळा आधी तुम्ही पैसे भरता आणि नंतर कंपनीकडून परत घेता, एवढाच फरक.

एस्टिमेट वाचा

एस्टिमेटमध्ये प्रत्येक पार्टपुढे 'रिपेअर' किंवा 'रिप्लेस' लिहिलेलं असतं. दरवाजा, बॉनेट, फेंडर हे बोल्टने किंवा बिजागरीने लावलेले असतात, त्यामुळे सरळ बदलता येतात. क्वार्टर पॅनल मात्र बॉडीला वेल्डिंगने जोडलेला असतो. तो बदलायचा म्हणजे कापायचा. म्हणून जमेल तिथे तो ओढून, ठोकून सरळ करणं बरं. पण मग दोन प्रश्न विचाराच: आतल्या बाजूने गंजरोधक मारणार का? आणि सांध्यांना सीलर लावणार का? बाहेरचा रंग सगळ्यांना दिसतो, आतला सांधा कोणी बघत नाही.

बंपर उघडल्यावर आत आणखी नुकसान निघणं नेहमीचं आहे. त्यासाठी पुरवणी एस्टिमेट करून सर्व्हेअरला पुन्हा दाखवतात. तुम्हाला न कळवता असं काही करू नका, हे पहिल्याच दिवशी अॅडव्हायझरला मेसेज करून ठेवा. तोंडी नाही, मेसेज.

रंग जुळत का नाही?

कारखान्यात नुसत्या बॉडीवर रंग मारतात आणि 140 अंशांच्या आसपास भाजतात. तेव्हा गाडीत ना सीट असतात, ना वायरिंग. वर्कशॉपमध्ये पूर्ण गाडी बूथमध्ये असते, म्हणून तिथे हार्डनर मिसळलेला वेगळा रंग वापरून साधारण 60-70 अंशांवर वाळवतात. म्हणजे रंग तोच नाही, त्याच्यासारखा दिसणारा बनवावा लागतो.

त्यासाठी पेंट कोड असतो. तो दरवाजाच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर सापडतो. त्याचा फोटो काढून ठेवा. पण कोड ही फक्त सुरुवात आहे. एकाच कोडच्या गाड्यांमध्ये बॅचनुसार फरक असतो, शिवाय तुमची गाडी काही वर्षं उन्हात उभी असते. सिल्व्हरसारख्या मेटॅलिक रंगात अॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. पेंटरने गन किती लांब धरली, किती ओला कोट मारला यावर ते कण आडवे बसतात की तिरके हे ठरतं, आणि तेवढ्यानेही शेड बदलते. आमच्या दरवाज्याचं हेच झालं होतं: समोरून बरोबर, तिरकं पाहिलं की काळपट.

यावर उपाय म्हणजे ब्लेंडिंग. दुरुस्त केलेल्या पॅनलवरचा रंग शेजारच्या पॅनलवर हळूहळू विरळ करत नेतात आणि मग दोन्ही पॅनलवर पूर्ण क्लिअर कोट मारतात. डोळ्याला सीमारेषा सापडत नाही. मेटॅलिक किंवा पर्ल रंग असेल तर एस्टिमेटच्या वेळीच ब्लेंडिंगचं विचारा, कारण शेजारच्या पॅनलचा खर्च नंतर कोणी धरत नाही.

बंपरबाबत मात्र थोडं सोडून द्या. तो प्लॅस्टिकचा असतो आणि बऱ्याच गाड्यांत तो नवा असतानाही पत्र्यापेक्षा किंचित वेगळा दिसतो.

काम चालू असताना आणि डिलिव्हरीच्या वेळी

तीन टप्प्यांचे फोटो मागा: ठोकून झाल्यावर उघडा पत्रा, प्रायमर झाल्यावर, आणि बूथमधून बाहेर आल्यावर. चांगला डेंटर पत्रा जवळजवळ सरळ करून वर पातळ पुट्टी फिरवतो. कामचुकार माणूस खड्डाच पुट्टीने भरतो, आणि ती पुढे तडकते. तपासायला फ्रिजवरचं मॅग्नेट मऊ कापडात गुंडाळून आधी चांगल्या दरवाज्यावर आणि मग दुरुस्त केलेल्या जागी लावा. पकड एकदम सैल लागली तर खाली जाड थर आहे. बंपरवर ते चिकटणारच नाही, घाबरू नका.

डिलिव्हरी दिवसा घ्या, धुतलेल्या कोरड्या गाडीची, आणि गाडी उघड्यावर आणायला सांगा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसू शकतो. कॅमेऱ्यावरही पूर्ण भरवसा ठेवू नका. फोन प्रत्येक फोटोत रंग आपोआप बदलतो. दोन्ही पॅनल एकाच फोटोत घ्या, म्हणजे तुलना खरी होते. दरवाज्याची तुलना शेजारच्या दरवाज्याशी करा, छताशी नको.

मग फोनचा टॉर्च पॅनलला अगदी समांतर धरा. लाटा, काचपेपरचे ओरखडे, रंगात अडकलेली धूळ लगेच दिसते. विजेच्या खांबाचं किंवा इमारतीच्या कडेचं प्रतिबिंब पत्र्यावर बघा. रेषा वाकडी झाली तर पत्रा वाकडा. रबरावर रंगाचे शिंतोडे आहेत का, दरवाजा एका हाताने बंद होतो का, दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का, रिव्हर्स सेन्सर वाजतो का, हे पाहा. डिकीवर पाईपने पाणी मारून आत हात फिरवा.

हे सगळं झाल्यावरच सॅटिस्फॅक्शन व्हाउचर. 'काम समाधानकारक' असं त्यावर लिहिलेलं असतं आणि कॅशलेसमध्ये त्यावर तुमची सही मागतात. काही खटकलं तर सहीच्या वर ते हाताने लिहा आणि कागदाचा फोटो काढा. नवीन रंगावर काही आठवडे वॅक्स किंवा कोटिंग करू नका.

काम बिघडलं तर

पहिला मेल वर्कशॉपला, कॉपी इन्शुरन्स कंपनीला. रागाचा मेल लिहू नका. जॉब कार्ड नंबर, तारीख आणि उन्हातले फोटो पुरतात. वर्कशॉप दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. इन्शुरन्स कंपनीबद्दल तक्रार असेल तर बिमा भरोसा पोर्टल किंवा 155255. लेखी तक्रारीवर महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येतं, फी नाही. लोकपाल विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकतो, गॅरेजविरुद्धच्या नाही.

माझ्या बाबतीत वर्कशॉपचं पहिलं उत्तर होतं, "सर, तुम्हीच सही केलीत." मी एकाच फ्रेममधले दोन दरवाज्यांचे फोटो, सकाळचे आणि दुपारचे, पाठवत राहिलो. तिसऱ्या मेलनंतर त्यांनी गाडी परत घेतली आणि ब्लेंडिंग करून दरवाजा पुन्हा रंगवून दिला, पैसे न घेता.

दुसऱ्या डिलिव्हरीला बाबांना घेऊन गेलो, सकाळी अकराला. ते गाडीभोवती तीनदा फिरले, रंगावर समाधानाने मान हलवली आणि मला डिकी उघडायला लावली. डाव्या कोपऱ्यात कार्पेटखाली ओल होती. वर्कशॉप म्हणालं, हे अपघाताचं नाही, आधीचंच आहे. अपघाताच्या दिवशीचा उघड्या डिकीचा फोटो माझ्याकडे नव्हता. सीलरचे 1,800 रुपये मी भरले.