संगणकाचे कुलूप आणि टर्बोचा जोर

श्रीरामपूर (प्रतिनिधी) : श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयातून 'एमएच १७' क्रमांक घेऊन संगमनेर, कोपरगाव, राहात्याच्या रस्त्यांवर धावणाऱ्या मोटारींत गेल्या दोन दशकांत एक मोठा बदल घडून आला आहे. बॉनेटखालचे इंजिन आता मेकॅनिकच्या हाताने नव्हे, तर एका बंद डबीतील संगणकाच्या हुकमाने चालते. गाडीचा 'पिकअप' वाढवून हवा असेल, तर पाना आणि स्क्रूड्रायव्हर उपयोगी पडत नाहीत, लॅपटॉप लागतो. लॅपटॉप असूनही प्रत्येक गाडी उघडतेच असे नाही, कारण कंपन्यांनी या संगणकाला कुलूप लावले आहे. ते कुलूप कशासाठी आहे, ते कसे उघडले जाते आणि उघडल्यावर काय पदरी पडते, हे वाहनमालकांनी समजून घेणे आवश्यक झाले आहे.

टर्बोचार्जर ही कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चक्र फिरवितो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त म्हणजे इंधन जास्त जाळता येते, म्हणजेच शक्ती जास्त. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. आपल्याकडे ट्रकचालकांना टर्बो आधीपासून परिचित होता. ट्रकच्या दर्शनी भागावर ती अक्षरे अभिमानाने रंगविली जात. मोटारींत तो खऱ्या अर्थाने आला तो २००० नंतर.

मायकोच्या पंपापासून ईसीयूपर्यंत

त्यापूर्वी डिझेल गाडीचा जोर वाढविणे हे पंपवाल्याचे काम असे. 'मायको'चा पंप (ही कंपनी २००८ पासून बॉश लिमिटेड या नावाने ओळखली जाते) बाकावर चढवायचा, स्क्रू थोडा फिरवायचा, डिझेलचे प्रमाण वाढवायचे. गाडी पळे, काळा धूर सोडी आणि ॲव्हरेज घसरे. बदल डोळ्यांना दिसत असे व मालकाला त्याचा हिशेब लगेच कळत असे.

कॉमन रेल पद्धतीने हे चित्र बदलले. नाशिकला तयार होणाऱ्या स्कॉर्पिओला २००५ मध्ये हे इंजिन मिळाले. यात डिझेल एका समाईक नळीत प्रचंड दाबाखाली साठविलेले असते आणि इंजेक्टर केव्हा व किती काळ उघडायचा हे 'ईसीयू' म्हणजे इंजिनाचा संगणक ठरवितो. त्याच्या स्मृतीत आकड्यांचे तक्ते असतात. इतके फेरे, इतका ॲक्सिलरेटर, हवेचा इतका दाब, तर इतके डिझेल. धूर किती होऊ द्यायचा याचा वेगळा तक्ता, गिअरबॉक्सला सोसेल तेवढाच पीळ देण्याचा वेगळा. हे तक्ते बदलून पुन्हा भरणे म्हणजेच 'रीमॅपिंग'. टर्बो इंजिनात यातून वीस ते तीस टक्के वाढ मिळू शकते. साध्या, बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनात मात्र हवाच वाढविता येत नसल्याने फारसे काही हाती लागत नाही. तेथे पैसे खर्च करणे व्यर्थच म्हणावे लागेल.

भारतात या छंदाची सुरुवात शोधायची तर श्रीरामपूरपासून दूर जावे लागत नाही. स्कोडा कंपनीने २००१ मध्ये औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथे ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली आणि २००४ मध्ये तिची 'आरएस' आवृत्ती बाजारात आणली. टर्बोचार्जर असलेली ही देशातील पहिली पेट्रोल मोटार मानली जाते. तिची शक्ती दीडशे अश्वशक्तीची होती, तर युरोपातील आरएस १८० ची. हा फरक हौशी मालकांच्या डोळ्यांत सलणे स्वाभाविक होते. त्या काळातील संगणकांना विशेष कुलूप नव्हते. स्टिअरिंगखालच्या जोडणीतून तक्ते वाचता येत व नवे भरता येत.

रांजणगावचा धडा

तथापि, कंपनी मुद्दामच शक्ती 'दाबून' ठेवते हा समज अर्धवट आहे. याचे उत्तम उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे फियाटच्या कारखान्यात तयार झालेले १२४८ सीसीचे मल्टिजेट डिझेल इंजिन. फियाट, टाटा आणि परवान्याने मारुती अशा अनेकांनी ते वापरले. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, लिनिया या सर्वांच्या पोटात तेच होते. बीएस सहा मानके एप्रिल २०२० मध्ये लागू झाली आणि आपल्या देशातील त्याची कारकीर्द संपली. वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात ते आजही भरपूर आहे.

हे इंजिन ७५ व ९० अश्वशक्ती अशा दोन रूपांत मिळे. आकडे पाहून वाटते, की फरक केवळ संगणकातला असावा. तसे नव्हते. ९० च्या रूपात पात्यांचा कोन बदलणारा वेगळा टर्बो होता. म्हणजे पंधरा अश्वशक्तीसाठी कंपनीने यंत्रसामग्री बदलली होती. ट्यूनिंग करणारा तीच वाढ ७५ वाल्या लहान टर्बोकडून, केवळ आकडे बदलून काढतो. ती मिळते, यात शंका नाही. पण लहान टर्बोला आपल्या कुवतीपेक्षा जास्त फिरावे लागते, धुराचे तापमान वाढते आणि क्लचप्लेटवर जादा पीळ येतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. गरम हवा आधीच विरळ असते. ती दाबण्यासाठी टर्बोला आणखी राबावे लागते. युरोपातील थंड हवेत तयार केलेली 'फाइल' येथे जशीच्या तशी भरणाऱ्यांनी याचा विचार केलेला असतोच असे नाही.

कुलूप व किल्ली

कुलपाची सुरुवात साध्या बेरजेने झाली. तक्त्यांतील आकड्यांची ठराविक बेरीज संगणक पडताळून पाही. जुळली नाही तर इंजिन चालू होत नसे. ट्यूनरांनी बेरीज जुळवायला घेतली. मग कंपन्यांनी सांकेतिक स्वाक्षरी आणली. कंपनीच्या गुप्त किल्लीने 'सही' केलेलाच मजकूर संगणक स्वीकारतो आणि ती किल्ली कारखान्याबाहेर येत नाही. यावर उपाय म्हणून संगणक गाडीतून काढायचा, त्याची डबी उघडायची आणि आतील पट्टीवर थेट तारा टेकवून वाचायचे, ही पद्धत रूढ झाली. डबीचा जलरोधक लेप त्यात फुटतो. तो नीट बसला नाही, तर पहिल्या पावसाळ्यातच परिणाम दिसतो. पुढे कंपन्यांनी सुरक्षेसाठी चिपमध्येच स्वतंत्र कप्पा ठेवला. २०२० च्या मध्यानंतर बनलेल्या अनेक बीएमडब्ल्यू मोटारींचे संगणक बराच काळ कोणाला उघडता आले नाहीत. अखेर फिनलंडमधील 'फेम्टो' या कंपनीने मार्ग काढला. त्यासाठी सुरुवातीला संगणक गाडीतून काढून तिकडे पाठवावा लागे.

ज्यांना कुलपाच्या वाटेला जायचे नसते ते 'ट्यूनिंग बॉक्स' लावतात. ही डबी संगणकात काही बदलत नाही, त्याला फसविते. इंधननळीतील दाब प्रत्यक्षापेक्षा कमी असल्याचे ती कळविते आणि संगणक बिचारा दाब वाढवितो. बॉक्स काढला की गाडी पूर्ववत. सोपे आहे, पण संगणकाला खरी परिस्थिती कळतच नसल्याने संरक्षणाचे तक्ते निष्प्रभ होतात, हे बॉक्स विकणारा सहसा सांगत नाही.

कुलूप ग्राहकाच्या भल्यासाठी की शोरूमच्या धंद्यासाठी, हा वाद जगभर आहे. अमेरिकेत २०१५ मध्ये मालकाला आपल्या गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती व कायदेशीर बदल करण्यापुरती कॉपीराइट कायद्यातून सूट मिळाली. प्रदूषणाच्या नियमांतून मात्र नाही. हा भेद रास्त आहे. आपले यंत्र दुरुस्त करण्याचा हक्क वेगळा आणि शेजाऱ्याच्या नाकात धूर सोडण्याचा वेगळा.

सॉफ्टवेअरमधील बदल किती दूरगामी असतात, हे खुद्द कंपनीनेच दाखवून दिले. चाचणी सुरू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी करणारी आज्ञावली फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींत असल्याचे सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाले. पुण्याच्या 'एआरएआय'ने येथील गाड्या तपासल्यानंतर डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन, स्कोडा व ऑडीच्या सुमारे ३ लाख २४ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याची घोषणा झाली. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपये दंड ठोठावला. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवर सक्तीची कारवाई करू नये, असा आदेश दिला.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील प्रकरणात हेच पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. मान्यताप्राप्त सीएनजी किटची आरसी बुकात नोंद होते, तशी रीमॅपची होत नाही. वाहनाचा नमुना एआरएआय किंवा जिल्ह्यातीलच अहिल्यानगरच्या 'व्हीआरडीई'सारख्या संस्थेने तपासून प्रमाणित केलेला असतो; ते प्रमाणपत्र मूळ तक्त्यांचे असते, बदललेल्यांचे नव्हे.

अडचण एवढीच, की हा बदल रस्त्यावर दिसत नाही. डिझेल गाडीच्या पीयूसी चाचणीत धुराची घनता मोजली जाते. नायट्रोजनचे ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. 'ईजीआर' बंद केलेली गाडी त्यामुळे पीयूसी सहज मिळवू शकते. शोरूममध्ये मात्र चोरी पकडली जाते. फोक्सवॅगन समूहाच्या यंत्रणेत अशा गाडीवर 'टीडी वन' ही खूण पडते आणि इंजिनाची वॉरंटी संपुष्टात येते. विमा कंपनीपासून बदल लपविला असेल, तर अपघातानंतर दावा अडकण्याची शक्यता वेगळीच.

सर्वांत अधिक सावध राहायला हवे ते वापरलेली टर्बो डिझेल घेणाऱ्याने. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. फेरे वाढले आणि गाडी त्या मानाने पळाली नाही, तर क्लच घसरतो आहे असे समजावे. टर्बोच्या नळ्यांत तेलाचा जाड थर, इंधननळीच्या सेन्सरजवळ सोललेली वा पुन्हा चिकटपट्टी गुंडाळलेली वायर, या खुणा बोलक्या असतात. स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये ईसीयूचा कॅलिब्रेशन क्रमांक वाचून घ्यावा व अधिकृत सेवा केंद्रातून ताडून पाहावा. अर्थात कसबी ट्यूनर हा क्रमांक तसाच ठेवतो. गाडी रीमॅप केल्याचे विक्रेत्याने कबूल केले, तर मूळ फाइल मागून घ्यावी. बॉक्स असेल तर तो विक्रीपूर्वी पाच मिनिटांत निघतो आणि नव्या मालकाच्या वाट्याला झिजलेला टर्बो व क्लच तेवढे उरतात.