चांद्याचे रान आणि रंगीत फिल्म

चांदा म्हटले की गोंड राजांचा परकोट, महाकालीची चैत्रातली जत्रा, आलापल्लीचा साग आणि जमिनीखालचा कोळसा ह्यांचा इतिहास आठवतो. तो जाणत्यांनी लिहून ठेवला आहे. मला सांगावयाचा आहे तो करंगळीहूनही अरुंद अशा एका फितीचा इतिहास. चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांची वाटणी झाली. माझे बालपण वाटणीपूर्वीचे, म्हणून जुनेच नाव तोंडात बसले आहे.

घरच्या घरी सिनेमा काढावयाची सोय झाली ती १९२३ साली. कोडॅक कंपनीने १६ मिलिमीटर रुंदीची फिल्म त्या वर्षी बाजारात आणली. थिएटरातली जुनी फिल्म भडकन पेट घेई. ही नवी फिल्म तशी पेटत नसे, म्हणून बैठकीच्या खोलीत दिवा लावून ती दाखविण्यास भय उरले नाही. १९३२ साली ८ मिलिमीटरची फिल्म आली. १६ मिलिमीटर रुंदीचे २५ फुटांचे रीळ कॅमेऱ्यातून दोनदा फिरवावयाचे, प्रत्येक खेपेस अर्ध्याच रुंदीवर चित्र घ्यावयाचे, आणि धुतल्यावर ते मधोमध चिरून जोडावयाचे. ह्या साऱ्या खटाटोपातून पडद्यावर चालणारा खेळ जेमतेम ४ मिनिटांचा!

रंग आला १९३५ साली. कोडाक्रोम ही फिल्म शोधून काढणारे लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की हे दोघेही संगीतकार. एक पियानो वाजविणारा, दुसरा व्हायोलिन. अंधाऱ्या खोलीत घड्याळ दिसत नसे, म्हणून ते ब्राह्म्सच्या सिंफनीचे सूर शिटीवर वाजवून सेकंद मोजीत, असे सांगतात. पुढच्याच वर्षी ह्या फिल्मवर ३५ मिलिमीटरच्या स्लाइडही निघू लागल्या, आणि जर्मनीत आग्फा कंपनीनेही आपली रंगीत फिल्म काढली.

ह्या फिल्मला रिव्हर्सल म्हणतात. नेहमीच्या छायाचित्रात आधी निगेटिव्ह तयार होते आणि तिच्यावरून हव्या तितक्या प्रती निघतात. रिव्हर्सलमध्ये फितीवर प्रथम उलटे चित्र उमटते. मग उरलेल्या चांदीच्या क्षारांतून सुलटे रंगीत चित्र तयार करून आधीची चांदी काढून टाकतात. म्हणजे कॅमेऱ्यात जी पट्टी होती तीच चित्र होऊन घरी परत येते. ताडोबाच्या तळ्यावरचा प्रकाश ज्या पट्टीवर पडला, तीच पट्टी आपण हातात धरतो. मात्र तिला जोडीदार नाही. ती हरवली की चित्र हरवले. ह्या लेखातली सारी काळजी ह्या एका गोष्टीत आहे.

ती परत येणे हेही सोपे नव्हते. कोडाक्रोमच्या पट्टीत रंग नसतच. ते धुलाईच्या वेळी एकेका थरात भरावे लागत, आणि ते काम ठरावीक प्रयोगशाळांतच होई. चांद्याहून पार्सल करावयाचे आणि पोस्टमनची वाट पाहावयाची. आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. सावेदादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ह्यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले, तेव्हा ती फिल्मदेखील धुण्यासाठी लंडनला गेली होती. शिवाय १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई होऊन आयातीवर कडक निर्बंध आले, आणि रंगीत रीळ ही तोलूनमापून वापरण्याची वस्तू झाली. उटकमंडला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे उत्पादन १९६७ साली सुरू झाले. पण त्या कारखान्याचे नाव झाले ते मुख्यतः कृष्णधवल आणि क्ष-किरणांच्या फिल्मसाठी. पुढे पूर्व जर्मनीतल्या ओर्वो फिल्मने अनेक हौशी लोकांची भूक भागविली.

आता चांद्याच्या रानाची गोष्ट पाहा. आरंभीच्या कोडाक्रोमचा वेग अवघा १० होता. तिला भरपूर ऊन लागे. सागाचे रान पावसाळ्यात इतके दाट असते की जमिनीवर उजेड पोचत नाही. परंतु फाल्गुन-चैत्रात साग पाने टाकतो, पळस पेटतो, मोह गळू लागतो, जनावरे पाणवठ्यावर येतात आणि रानात खालपर्यंत ऊन उतरते. म्हणजे चित्र घ्यावयाचा हंगाम तोच. आणि चांद्याचा उन्हाळा तर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे! पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की रंगीत फिल्मचा तोल बिघडतो. जाणते लोक रीळ ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात किंवा माठाजवळ ठेवीत. उन्हाळ्यातून वाचलेल्या फितीवर पावसाळा टपलेलाच असे. दमट हवेत जिलेटिनवर बुरशी धरते. जो उन्हाळा चित्र देई, तोच ते हिरावून घेण्यासही बसलेला असे.

पहिले कॅमेरे रानात शिरले ते बहुधा बंदुकीच्या सोबतीने. इंग्रज अधिकाऱ्यांच्या घरगुती फिल्मांचा मोठा संग्रह केंब्रिजच्या दक्षिण आशिया अभ्यासकेंद्रात आहे. संसार, नोकरचाकर, दौरे आणि शिकार हे त्यांतले नेहमीचे विषय. पण कॅमेऱ्याने बंदूक खाली ठेवावयासही लावले. जिम कॉर्बेट ह्यांनी कुमाऊंच्या जंगलात १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने वाघ टिपले. यंत्राचा आवाज वाघांच्या कानी पडू नये म्हणून त्यांनी ओढ्यात लहान लहान धबधबे बांधून पाण्याचा खळखळाट वाढविला होता. योगायोग असा की, ज्या १९३५ साली कोडाक्रोम आली त्याच वर्षी ताडोबात शिकार बंद झाली. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, आणि पाणवठ्याशी दबा धरून बसणाऱ्यांच्या हातात हळूहळू दुर्बीण व कॅमेरा आले.

ह्या हौशी फितींना कमी लेखू नये. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचा जगभर गाजलेला चित्रपट टॉम स्टोबार्ट ह्यांनी १६ मिलिमीटरच्या कोडाक्रोमवर टिपला होता. त्याच सुमारास आसामातील चहामळ्याचे ई. पी. जी नावाचे गृहस्थ संकोश नदीकाठी सोनेरी वानरांचे रंगीत चित्रण करीत होते. १९५६ साली त्या वानराला शास्त्रीय नाव मिळाले, त्यात ह्याच गृहस्थांचे नाव गुंफले गेले. प्राण्याच्या अंगाचा खरा रंग सांगणारी साक्ष कृष्णधवल चित्राला देता आली नसती.

पण माणसांचे काय? माझ्या आजोळच्या एका वडीलधाऱ्यांनी ठेवलेली स्लाइडची पेटी माझ्याकडे आली, तेव्हा हा प्रश्न मला पडला. पुठ्ठ्याच्या चौकटींवर बारीक अक्षरात नोंदी आहेत. घरच्या चित्रांवर प्रत्येकाचे नाव, वय, प्रसंग. मार्कंड्याच्या देवळांवर तिथीसुद्धा. आणि आलापल्लीपलीकडच्या चित्रांवर मात्र एवढेच: ‘गोंड स्त्री’, ‘माडिया नर्तक’. त्यात भर पडली ती फिल्मच्या स्वभावाची. रिव्हर्सलमध्ये प्रकाशाची चूक फार थोडी खपते. भर दुपारी पांढऱ्या मण्यांच्या माळा आणि पांढरे फडके ह्यांना जुळेल असा उजेड धरला की सावळा चेहरा काळोखात बुडतो. म्हणून ह्या चित्रांत मणी चमकतात, आणि चेहरा शोधावा लागतो.

त्यांतल्या काही स्लाइडचे मोठे छाप काढून मी त्या भागातल्या एका गावी नेले. म्हाताऱ्यांनी चेहऱ्याआधी मागचे कुंपण आणि मोहाचे झाड ओळखले. घर कोणाचे ते ठरले, आणि घरावरून बाईचे नाव निघाले. तिच्या नातवाने आजीला तरुणपणी कधी पाहिलेच नव्हते. ज्या चित्राने तिला आमच्या पेटीत इतकी वर्षे बिननावाची ठेवले होते, ते त्याच्या घरी पोचताच आजीचे चित्र झाले.

नावाचे मोल दुसऱ्या एका उदाहरणावरून कळते. गडचिरोलीच्या पूर्वेस बस्तर लागते. तिथल्या गढबेंगालच्या चेंदरू नावाच्या मुलाला घेऊन आर्ने सुक्सडॉर्फ ह्या स्वीडिश दिग्दर्शकाने एक रंगीत चित्रपट काढला. तो १९५७ साली प्रदर्शित झाला. चेंदरू स्वीडनलाही जाऊन आला आणि २०१३ साली वारला. आयुष्य त्याचे गरिबीतच गेले. तरी जग त्याला नावाने ओळखते. दक्षिणेस आदिलाबादच्या राजगोंडांत राहून अभ्यास करणारे फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्यांचा १६ मिलिमीटरच्या फिल्मांचा संग्रह १०० तासांहून मोठा आहे. तो लंडनला जपलेला आहे. तिकडे गावाचे, विधीचे, माणसाचे नाव टिपून ठेवण्याची शिस्त होती. घरगुती पेट्यांना ती शिस्त आपणच लावावयास हवी.

आणि वेळ थोडा आहे. कोडाक्रोमचे उत्पादन २००९ साली थांबले. अमेरिकेत कॅन्ससमधील पार्सन्स गावच्या शेवटच्या प्रयोगशाळेने ३० डिसेंबर २०१० नंतर ती फिल्म घेणे बंद केले. आज कोठे न धुतलेले कोडाक्रोम रीळ सापडले, तर त्यातून फार तर कृष्णधवल चित्र निघेल; रंग निघणे नाही. धुतलेली कोडाक्रोम अंधारात रंग फार चांगले राखते, पण प्रोजेक्टरच्या दिव्यापुढे वारंवार धरली तर फिकी पडते. जुनी एक्टाक्रोम हळूहळू तांबूस होते. आणि डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फितीचा पायाच कुजू लागला असे समजावे.

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून असा डबा खाली आला असेल, तर तो रद्दीत टाकू नका, आणि उत्साहाच्या भरात जुन्या प्रोजेक्टरवरही चढवू नका. आधी त्याची संगणकावर प्रत करून घ्या. डबा कोरड्या, थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. मग फराळाला जमलेल्या वडीलधाऱ्यांना ती चित्रे दाखवा आणि सांगितलेली नावे लिहून काढा. घरच्यांची तर लिहालच. पण कडेला उभा असलेला गाडीवान, पाणी भरणारी बाई, रानातला वाटाड्या, नाचणारी पोरे, ह्यांचीही विचारा. त्यांच्या घरी बहुधा दुसरे चित्र नसेल. एकुलत्या एका प्रतीत ती माणसे आपल्याकडे ठेवीसारखी राहिली आहेत, आणि ठेव ज्याची त्याला पोचविणे हा आपल्याकडचा जुना धर्म आहे.