धार-देवासचा तांब्याचा पैसा आणि त्याचे संग्राहकी मोल

नाण्याचे संग्राहकी मोल म्हणजे त्यावर छापलेल्या किमतीहून आणि धातूच्या भावाहून निराळी, जाणकार ग्राहक देऊ करतो ती किंमत. आणि ती कशी घडते हे मराठा पवार घराण्याच्या धार व देवास या संस्थानांच्या तांब्याच्या नाण्यांवरून फार स्पष्टपणे कळते. 1876 च्या नेटिव्ह कॉइनेज ॲक्टनुसार स्वतःची टांकसाळ बंद ठेवणाऱ्या संस्थानाची नाणी इंग्रज सरकारच्या टांकसाळीत पाडली जात आणि ब्रिटिश मुलखातही चालत, मात्र त्यांच्या एका बाजूस व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा असे. ही सवलत अलवर, बिकानेर, धार आणि देवास या संस्थानांनी घेतली. धारने 1887 मध्ये पाव आणा म्हणजे पैसा, अर्धा पैसा आणि आण्याचा बारावा भाग म्हणजे पाई अशी तीन नाणी काढली, तर देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीने 1888 मध्ये आपापली पैसा व पाई ही नाणी वेगळी पाडून घेतली. राजधानी एकच असलेल्या या दोन पात्यांची नाणी ‘एस. बी.’ (सीनियर ब्रँच) आणि ‘जे. बी.’ (ज्युनियर ब्रँच) या अक्षरांवरूनच ओळखू येत असल्याने, झिजलेल्या नाण्यावर ती वाचता येणे ही मोलाची पहिली कसोटी ठरते.

दुसरी कसोटी पृष्ठभागाची. धार जिल्ह्यातल्या डही-कुक्षीकडे हाती आलेला असा पैसा चिंचेने घासून लख्ख केला, तर तांब्यावर काळाने चढलेली गडद झाक कायमची जाते आणि संग्राहकाच्या लेखी नाण्याची खरी हानी होते. दर्जा मोजण्याची आज जगभर रूढ असलेली 70 गुणांची पट्टीही मूळची तांब्याचीच आहे: विल्यम शेल्डन यांनी ती 1949 मध्ये अमेरिकेच्या जुन्या सेंटांसाठी मांडली. अमेरिकेच्या आधुनिक डॉलर नाण्याला मात्र या पट्टीवाचून फारसा आधार उरत नाही, कारण स्त्री-मताधिकाराच्या पुरस्कर्त्या सुसान अँथनी यांची मुद्रा असलेली 1979 ची डॉलर नाणी 75 कोटींहून अधिक पाडली गेली आणि दुर्मिळता मुख्यतः निष्कलंक नगांपुरती राहिली.

धार-देवासच्या पैशाला याखेरीज कायद्याचेही कुंपण आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांचे नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीस ते परदेशी नेता येत नाही, त्यामुळे भारतातला नग आणि पूर्वीच बाहेर गेलेला नग यांचे बाजार वेगळे पडले आहेत.