विवाहविधी, सिंधुदुर्गातील

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, म्हणजे उत्तरेस विजयदुर्गाच्या खाडीपासून दक्षिणेस तेरेखोलच्या खाडीपर्यंत पसरलेल्या किनाऱ्यावर आणि त्याच्या पाठीशी सह्याद्रीपर्यंत चढत गेलेल्या मुलखात, हिंदू कुटुंबांमध्ये परंपरेने होत आलेला विवाहसंस्कार. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला. तथापि मालवण, देवगड, वेंगुर्ले हे इंग्रजी अमलातील जुने प्रांत आणि सावंतवाडी, कुडाळ, बांदे हा सावंत-भोसल्यांच्या संस्थानाचा प्रदेश यांतील आचार फार पूर्वीपासून एकमेकांत मिसळलेले असल्यामुळे त्यांचा विचार एकत्रच करावा लागतो. मराठा, भंडारी, गाबीत, गौड सारस्वत, कुडाळदेशकर, कऱ्हाडे, दैवज्ञ, वैश्य इत्यादी ज्ञातींत तपशिलाचे भेद आहेत. पण पुरोहिताने पोथीवरून चालवलेला अग्निसाक्ष संस्कार आणि गावच्या देवतांची अनुज्ञा घेऊन पार पडणारा स्थानिक विधी अशा दोन अंगांनी विवाह सिद्ध होतो, आणि यांपैकी एकही अंग वगळले तर लग्न पुरते लागले असे येथील माणसाचे मन मानत नाही, ही गोष्ट सर्वांत समान आहे.

पोथीचे अंग महाराष्ट्रात इतरत्र आहे तेच येथेही आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील सूर्यासूक्त हा त्याचा प्राचीनतम आधार, आश्वलायनादी गृह्यसूत्रे ही त्याची चौकट आणि काशीनाथ उपाध्याय यांनी १७९० च्या सुमारास पंढरपुरात पूर्ण केलेला ‘धर्मसिंधु’ हा पुरोहितवर्गाचा नित्याचा आधारग्रंथ होय. भारतरत्न पांडुरंग वामन काणे, जे स्वतः रत्नागिरी जिल्ह्यातील, त्यांनी १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धर्मशास्त्रेतिहासाच्या दुसऱ्या खंडात या शास्त्रोक्त अंगाचा परामर्श इतक्या साक्षेपाने घेतला आहे की, त्यात भर घालण्यासारखे फारसे उरलेले नाही. दुसऱ्या अंगाची गोष्ट वेगळी आहे. ते पोथीत नाही, मुखपाठात आहे, आणि म्हणून येथे त्याचा विस्तार अधिक केला आहे.

सोयरीक पक्की होण्यापूर्वी पत्रिका जुळवणे हे जोशाचे काम. पण त्याच्या उत्तरावर समाधान न मानता घरातील वडीलधारी मंडळी ग्रामदेवतेच्या देवळात जाऊन कौल घेतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या फुलांच्या कळ्या वा पाकळ्या लावतो, प्रश्न उच्चारला जातो, आणि उजवी कळी आधी पडते की डावी, यावर होकार-नकार ठरतो. प्रत्येक गावचे दैवत निराळे, कोठे रामेश्वर, कोठे रवळनाथ, कोठे सातेरी, भगवती वा वेतोबा. पण त्यास विचारल्यावाचून घरात मंगलकार्य उभे करू नये हा दंडक सर्वत्र सारखा. कौल मिळाल्यावर आणि पुढे प्रत्यक्ष कार्यारंभी जे घातले जाते ते गाऱ्हाणे. नारळ आणि पानाचा विडा देवापुढे ठेवून गावचा मानकरी किंवा गुरव हात जोडून उभा राहतो, ‘बा देवा महाराजा’ अशी साद घालतो, आणि मग ग्रामदेवता, कुलदेवता, सीमेवरचा राखणदार, घराण्याचा मूळपुरुष, ज्यांची नावेही आता कोणास ठाऊक नाहीत असे पूर्वज, अशा सर्वांस मालवणी बोलीत एकामागून एक आवाहन करून, अमक्याच्या घरी अमक्याचे लग्न आहे, काही चुकले-माकले असेल तर पोटात घाला, आडवे येणारे विघ्न दूर करा, असे विनवीत जातो; आणि प्रत्येक विनंतीच्या शेवटी जमलेली मंडळी एकमुखाने ‘व्हय महाराजा’ म्हणून दुजोरा देतात. संकल्प, पुण्याहवाचन आणि नांदीश्राद्ध या तीन शास्त्रोक्त कर्मांनी जे साधायचे, म्हणजे उद्दिष्टाची घोषणा, शुभाची प्रार्थना आणि पितरांचे स्मरण, ते सर्व हे गाऱ्हाणे बोलीभाषेत आणि गावाच्या साक्षीने साधते. प्रस्तुत लेखकास तर हेच या भूमीतील विवाहाचे खरे मंगलाचरण वाटते.

कार्तिकात तुळशीवृंदावनाभोवती ऊस उभा करून, चिंचेची व आवळ्याची डहाळी खोचून, अंतरपाट धरून तुळशीचे लग्न लागले, की लग्नसराईचा मार्ग मोकळा होतो. त्याच सुमारास भात झोडून झालेले असते आणि घरापुढचे खळे नव्याने केले जाते: माती ओली करून, लाकडी पेटण्याने चोपून, शेणाने सारवून ती भूमी सिद्ध होते. या खळ्यातच लग्नाचा मांडव, मालवणीत माटव, पडतो. पोफळीचे खांब, बांबूचे आडवे वासे, वर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप आणि दर्शनी बाजूस आम्रपल्लवांचे तोरण व केळीचे खुंट, असा त्याचा थाट. एकही वस्तू बाजारातून आणावी लागत नाही आणि बहुतेक सर्व वस्तू शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बागेतून येतात, हे त्याचे वैशिष्ट्य. पहिला खांब तो मुहूर्तमेढ. त्यास आंब्याची पाने बांधून हळदकुंकू वाहिले, की त्या खळ्याचे रूपांतर देवतांच्या वस्तीस योग्य अशा स्थानात झाले असे समजतात.

त्यानंतर देवक बसते. मराठा व तत्सम कुळांत देवक हे कुळाचे चिन्ह असते, कोणाचे कळंब, कोणाचे पंचपल्लव, कोणाचे एखाद्या पक्ष्याचे पीस. एकच देवक असलेल्या कुळांत शरीरसंबंध होत नाही, इतके ते रक्ताच्या नात्याचे निदर्शक मानलेले आहे. डहाळी वाजतगाजत आणून मांडवात प्रतिष्ठित केली जाते. ब्राह्मणांत देवकाचे स्वरूप निराळे: आम्रपर्णे सुताने गुंडाळून केलेल्या नंदिनी, नलिनी, मैत्रा, उमा, पशुवर्धिनी आणि शस्त्रगर्भा भगवती या मंडपदेवता आणि सोबत अविघ्नकलश. रूप कोणतेही असो, देवक बसल्यापासून उठेपर्यंत यजमानाच्या घरास अशौच बाधत नाही. वृक्षाची फांदी हा कुळाचा आद्य पूर्वज आणि लग्नघरातील पहिला पाहुणा, ही कल्पना वैदिक संस्कारापेक्षाही जुनी असावी असे मानण्यास जागा आहे.

घाणा भरणे हा सर्वस्वी स्त्रियांचा विधी. मुसळास आंब्याची पाने व हळकुंड बांधून सुवासिनी जमिनीतील दगडी उखळात, म्हणजे व्हायनात, तांदूळ वा हळद कांडतात आणि प्रत्येक घावासरशी ओवी म्हणतात. ओवीत आधी देव येतात, मग माहेरचे आणि सासरचे एकेक माणूस नावानिशी येते. उत्तर कोकणात आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण विधीची सूत्रे हाती घेते, तसा अधिकार येथे एका स्त्रीकडे नसून सर्वांकडे मिळून आहे. मग वरास हळद लागते आणि उरलेली उष्टी हळद वधूकडे जाते. वधूच्या हाती हिरवा चुडा भरला जातो. फाल्गुन-चैत्रातील लग्न असेल तर वेंगुर्ल्याकडील सुरंगीचे वळेसर केसांत असतात. हे पिवळसर, आखूड देठाचे फूल सुकल्यावरही वास सोडीत नाही, म्हणून लग्नातला वळेसर पेटीत लुगड्यांच्या घडीत जपून ठेवण्याची चाल आहे.

सीमांतपूजनाने वराचे स्वागत झाल्यावर वधू पिवळी अष्टपुत्री नेसून आत गौरीहरापुढे बसते आणि मूठमूठ तांदूळ वाहत शिवपार्वतींची पूजा करते. बाहेर जोशी मुहूर्ताकडे लक्ष ठेवतो. घड्याळे घरोघर येण्यापूर्वी त्यासाठी घटिकापात्र असे: पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाशी सूक्ष्म छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडीत, ती चोवीस मिनिटांत भरून बुडाली की एक घटका झाली. मामा वधूस हाताला धरून आणतो, कुंकवाचे स्वस्तिक रेखलेला अंतरपाट मध्ये धरतात, मंगलाष्टके होतात, ‘सावधान’ या शब्दासरशी पट दूर होतो आणि अक्षता पडतात. सामान्य जनांच्या समजुतीत लग्न लागले ते या क्षणी. शास्त्रदृष्ट्या मात्र कन्यादान, कंकणबंधन, मंगलसूत्रबंधन आणि विवाहहोम हे सर्व पुढे आहे.

होमातील लाजाहोमात वधूचा भाऊ तिच्या ओंजळीत साळीच्या लाह्या घालतो, वर त्यांवर तूप सोडतो, आणि वधू ती ओंजळ अग्नीत रिती करते. आश्वलायनाप्रमाणे तीन आहुती समंत्रक आणि चौथी मौनाने. समंत्रक आहुतींच्या वेळी अग्नीस प्रदक्षिणा आणि दगडावर पाऊल, ते स्थैर्यासाठी. भाताच्या या मुलखात, जेथे घराची पतच कोठीतील भातावरून ठरत असे, तेथे भावाच्या हातून धान्य घेऊन नव्या घराच्या अग्नीस देण्यात माहेरचा हात सासरच्या चुलीपर्यंत पोचल्याचा भाव आहे. आणि लगेच तोच भाऊ वराचा कान पिळून मानाचे वस्त्र घेतो, यात बहिणीस नीट नांदव हा स्पष्ट इशारा आहे. सप्तपदीत अन्न, बल, धन, सुख, प्रजा, ऋतू यांसाठी सहा पावले पडतात आणि सातवे केवळ सख्यासाठी पडते. पहिली सहा काही मागतात, सातवे काही मागत नाही. सबंध संस्कारात यापरते उदात्त स्थळ नाही. रात्री ध्रुव व अरुंधती दाखवून होमाची सांगता होते.

लग्नाची पंगत शाकाहारी: वरणभात, काळ्या वाटाण्याचे सांबारे, वडे, खीर, सोलकढी. मासळी-मटणास देवक उठेपर्यंत मांडवात स्थान नाही. गृहप्रवेशी वधू उंबऱ्यावरचे धान्याचे माप पायाने लवंडते, ताटातील तांदळांवर अंगठीने तिचे नवे नाव लिहिले जाते, ग्रामदेवतेची ओटी भरली जाते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलामुळे गोव्यातून आलेल्या सारस्वतांची नवी जोडपी मंगेशी, शांतादुर्गा अशा गोव्यातील कुलदेवतांकडे जातात. पाचव्या दिवशी पाचपरतावण्यास वधू-वर माहेरी येतात.

विवाहावर सरकारचीही नजर असे. मराठेशाहीच्या दप्तरांत लग्नटका ही लग्नावरील आणि पाटदाम ही पुनर्विवाहावरील पट्टी आढळते. गुरव, सुतार, कुंभार, न्हावी, परीट यांचे मांडवातील हक्क वतनी असून कोणी कोणत्या क्षणी काय आणावे आणि त्याबद्दल नारळ, तांदूळ वा वस्त्र काय घ्यावे, याची वहिवाट ठरलेली होती. पुरोहिताचा एकाधिकार अमान्य करणारी विवाहपद्धती महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासून रूढ केली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर येथील बौद्ध कुटुंबांचा विवाहविधीही स्वतंत्र झाला आहे.

१९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाचे सातवे कलम कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे केलेला विवाह मान्य करते आणि जेथे सप्तपदी हा रूढीचा भाग असेल तेथे सातव्या पावलाने विवाह पूर्ण झाला असे मानते. मात्र रूढी सिद्ध करावी लागते: १९६५ साली महाराष्ट्रातीलच एका खटल्यात, अग्निसमक्ष आवाहन व सप्तपदी वगळण्याची चाल ज्ञातीत होती असे शाबीत न झाल्याने, कपाळास कपाळ लावून केलेला ‘गांधर्व’ विवाह सर्वोच्च न्यायालयाने विधिपूर्वक मानला नाही. अलिखित आचारांची नोंद किती निकडीची आहे हे यावरून दिसते. एके काळी आगबोटीने मालवण-वेंगुर्ल्यास उतरणारा चाकरमानी वैशाखात गावीच लग्न करी. आता पुष्कळ लग्ने मुंबईच्या सभागृहांत लागतात, तरी पहिली पत्रिका ग्रामदेवतेपुढेच ठेवली जाते आणि गाऱ्हाण्यासाठी घरातील एक माणूस गावी पाठवला जातो. १९९८ च्या अधिनियमान्वये विवाहाच्या नोंदणीअर्जात पुरोहिताचे नाव व साक्षीदारांच्या सह्या घेतात. गाऱ्हाणे घालणाऱ्याचे नाव कोठे येत नाही, आणि त्याचे शब्द गावागणिक, घराण्यागणिक बदलतात. ते ज्यांना मुखोद्गत आहेत अशी माणसे हयात आहेत तोवर गावोगाव जाऊन ते उतरवून घेतले पाहिजेत.